जुलैचे भाडेकरू

गावात शिरायलाच पाऊण तास लागला.
दगडी कमानीपाशी पिवळ्या जाकिटातला पोरगा
येईल त्याला एकच सांगत होता:
जागा नाही, वर जा, चर्चच्या मागे, कोबीच्या शेतात लावा.
आम्ही कोबीत गाडी लावली
आणि चाकांची बॅग खडखडवत उतरलो
बंदराकडे, जिथे समुद्रच नव्हता.

खरंच नव्हता.
हिरवट, चकाकता चिखल होता
आणि त्यात कुशीवर पडलेल्या होड्या,
जेवून जरा कलंडल्यासारख्या.
साखळ्या सैल, नांगर उघडे.
त्यांच्याकडे बघणंही आगाऊपणाचं वाटलं.
"येईल की," कालवं विकणारा तांगी म्हणाला,
सुरी न थांबवता.
"आज साडेसहाला. रोज पाऊण तास पुढे सरकतो.
त्याला कुणी बुकिंग विचारत नाही."

तोवर पोर्झ-ग्वेनमध्ये आम्हीच भरतीला आलो होतो.
आइस्क्रीमची रांग पोस्टाच्या पेटीला वळसा घालून
धिरड्यांच्या रांगेत मिसळली होती;
काळसर पिठाचं, खाऱ्या लोण्याचं धिरडं,
गालेत म्हणायचं त्याला.
एका टकलू गृहस्थाच्या हातातून ते अख्खं
समुद्रपक्ष्यानं उचललं,
आणि सबंध धक्क्यानं टाळ्या वाजवल्या.
गृहस्थ पुन्हा रांगेत, शेवटी.

घराची किल्ली भिंतीवरच्या डबीत होती,
चार आकड्यांच्या मागे.
गल्लीत प्रत्येक निळ्या दाराशेजारी तशीच डबी.
माणूस दिसलं नाही. चिठ्ठी दिसली:
कचरा मंगळवारी. गरम पाणी जरा जपून. रोझेन.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा.
एनोरा, पाच. एनोरा, सात. एनोरा, आठ.
त्याच चौकटीत एक खिळा होता, सोयीचा.
मी ओला टॉवेल अडकवला.

तिसऱ्या संध्याकाळी थाप पडली.
गुडघ्यावर खपली, केसांत वाळू.
चपला तिनं उंबऱ्याबाहेर काढल्या,
आपल्याच घरात, पाहुणीसारख्या.
"माझा डबा राहिलाय."
सरळ पलंगाखाली सरपटली, म्हणजे माझ्या पलंगाखाली,
आणि बिस्किटांचा गंजका डबा घेऊन निघाली.
आत काहीतरी खुळखुळलं.
ते काय, हे विचारायचा हक्क मला नव्हता.

मी मोडक्या फ्रेंचमध्ये दुसरंच विचारलं,
सध्या राहता कुठे?
तिनं बोट टेकडीकडे केलं.
आजोबांच्या शेतात कारवान आहे.
आई, मी, धाकटा आणि मांजर. सप्टेंबरपर्यंत.
"मांजराला आवडत नाही," ती म्हणाली,
मांजरापुरतंच.

मला आठवले पन्नास युरो,
मार्चमध्ये, निरोपानिरोपी करून
मी भाड्यातून कमी करवून घेतलेले.
किती खूश होते मी तेव्हा!
आता हिला काय म्हणू, ये, बस?
कुठे, तिच्याच खुर्चीवर?

जाता जाता ती थबकली.
"खिडकी उघडत नाही ना?
सगळ्यांचं तसंच होतं.
आधी वर उचलायची, मग ढकलायची."

उचलली. ढकलली.
आठ वाजून गेले होते आणि उजेड अजून पिवळा.
चिखलाच्या चिरांतून पाणी येत होतं,
कुणाला जाग येऊ नये अशा बेतानं.
सगळ्यात बुटकी लाल होडी आधी हलली,
मग शेजारची,
मग डोलकाठ्या एकेक करून सरळ.
धक्क्यावर कुणी फोन उंच धरले होते.
तांगी टेबलं धूत होता, समुद्राकडे पाठ करून.

मी टॉवेल काढला.
तीन दिवस घासून घासून
आठची रेघ पुसट झाली होती.
पेन्सिल शोधली. फडताळ, खण, फोनखालचा कप्पा.
या घरात पेन्सिल कुठे ठेवतात
ते मला माहीत नव्हतं.